मासोळीचे नवे डोळे

माझ्या वहिनीचा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. याला दोष म्हणावं की गुण, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, तर पाकिटावरची तारीख वाचल्याशिवाय ती गोळी तोंडात टाकणार नाही. शेजारीण आपणहून गोड बोलायला लागली की वहिनी मला स्वयंपाकघरात ओढून विचारणार, "हिला काय हवंय?" माझा भाऊ हसून म्हणायचा, "आमच्या संसारात विश्वास ठेवायचं खातं माझ्याकडे आणि संशय घ्यायचं हिच्याकडे. कामं वाटून घेतल्यामुळे भांडण नाही."

वहिनीचं चष्म्याचं दुकान आहे, नाट्यगृहाच्या अगदी समोर. पुढे काउंटर, मागे पडदा लावून केलेली डोळे तपासायची अंधारी खोली. नेहमीच्या गिऱ्हाइकांबरोबर नाटकातली माणसंही येतात. त्यांना बिननंबरी चष्मे लागतात, नुसत्या साध्या काचेचे. कोणाला प्राध्यापक व्हायचं असतं, कोणाला म्हातारा. वहिनी त्यांना चष्मा देते, पण मनापासून नाही. "डोळे चांगले असताना चष्मा लावणारा माणूस," ती म्हणते, "दुसऱ्याला काहीतरी भलतंच दाखवायच्या बेतात असतो."

भाऊ गेला आणि त्याची गाडी मागे राहिली. दोन दारांची, दोनच माणसं बसतील अशी स्पोर्ट्स कार. भंगारात निघालेली ती त्यानं आणली आणि घरामागच्या शेडमध्ये कित्येक वर्षं खपून जिवंत केली. लांब नाक, मागे निमुळती होत गेलेली शेपटी आणि पुढे दोन गोल दिवे. सगळे शौकीन तिला मासोळीच म्हणतात. कंपनीनं ती बनवणं बंद करून जमाना झाला, तरी ज्यांच्याकडे ती आहे त्यांचं एक मंडळ आहे. रविवारी सकाळी पोहण्याच्या तलावामागच्या मोकळ्या पार्किंगमध्ये सगळे आपापल्या मासोळ्या घेऊन जमतात, बॉनेट उघडून उभे राहतात आणि चहा गार होईपर्यंत बोलतात.

भाऊ गेला तेव्हा हे सगळे भेटायला आले होते. वहिनी दारात उभी राहून एकेकाला निरोप देत होती. शेवटचा माणूस गेल्यावर मला म्हणाली, "वन्सं, पाहिलंत? जाताना प्रत्येकानं शेडकडे एक नजर टाकली."

"अगं, मित्राची आठवण आली असेल."

"आठवण अशी मान वाकडी करून येत नाही."

गाडी कोणालाच द्यायची नाही, हे तिनं तिथंच ठरवलं. आणि साठी ओलांडलेल्या त्या बाईनं गाडी चालवायला शिकायचं मनावर घेतलं. शिकवणाऱ्या मास्तरांवरही तिचा विश्वास नव्हता, ते "ब्रेक" म्हणाले की ती विचारायची, "का?" पण शिकली. मग दर रविवारी ती स्टिअरिंगवर आणि मी शेजारच्या सीटवर, अशा आम्ही मंडळात जायला लागलो.

मंडळाचे सेक्रेटरी एक निवृत्त भूगोलाचे मास्तर आहेत. त्यांचं टोपणनाव ओरिजिनल. गाडीतला साधा स्क्रू बदलला तरी ते विचारतात, "ओरिजिनल आहे का?" त्यांच्या उलट दातांचे डॉक्टर. अतिशय मवाळ माणूस. ते आपल्या मासोळीच्या मडगार्डवर हात ठेवून उभे राहतात आणि कोणी काही म्हटलं की मान डोलावतात. वहिनी सगळ्या मंडळात फक्त डॉक्टरांना चांगलं म्हणायची. "त्या माणसाच्या मनात एक आणि ओठावर एक असं नाही," हे तिचं मत.

एका रविवारी आम्ही पोहोचलो तर पार्किंगमध्ये कोणाचंच बॉनेट उघडं नव्हतं. सगळे ओरिजिनलच्या फोनभोवती गोळा झाले होते. बातमी अशी होती, की कंपनी मासोळी पुन्हा बाजारात आणणार. नव्या रूपात. फोटोही आला होता.

"बघा वहिनी, बघा," ओरिजिनल म्हणाले. त्यांनी फोन तिच्या नाकाशी धरला. "डोळेच काढून टाकले हो!"

फोटोत गोल दिवे नव्हते. त्यांच्या जागी दोन बारीक तिरक्या फटी, झोपेतून उठवल्यावर माणूस बघतो तशा. तोंड रुंद झालेलं. आणि निमुळती शेपटी मधेच छाटून सपाट केलेली.

"मासोळीची मगर केली!" एकजण म्हणाला.

"मगर कसली, इस्त्री आहे. तळाला हात लावला तर चटका बसेल."

"माझ्या बायकोला दाखवला फोटो. ती म्हणाली, छान आहे. म्हणजे बघा."

"शेपूट कापताना यांचे हात कसे थरथरले नाहीत?"

एक गृहस्थ तर तावातावानं म्हणाले की गाडी इतकी वाईट दिसू शकतच नाही, हा प्रतिस्पर्धी कंपनीचा कट असणार.  दातांच्या डॉक्टरांनी फोन हातात घेतला, फोटो बराच वेळ पाहिला, एक निःश्वास टाकला आणि फोन परत दिला.

वहिनीनं पर्समधून भिंग काढलं. फोटो वर, खाली, कोपऱ्यात पाहिला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"माझा फोटोवर विश्वास नाही," ती म्हणाली. "गाडी समोर येऊ दे. मग बोलू."

हे कोणाला आवडलं नाही. सगळे दुःखात असताना एकटीनं कोरडं राहणं लोकांना खटकतंच. ओरिजिनलनी तिथल्या तिथं जाहीर केलं, की कंपनीच्या समारंभावर मंडळाचा बहिष्कार. कोणीही आपली गाडी तिथं न्यायची नाही. सगळ्यांनी हात वर केले. वहिनीनं केला नाही, पण तेव्हा तो कोणी मोजलाही नाही.

त्यानंतर थोड्या दिवसांनी मी दुकानात बसले होते, तेव्हा एक तरुण गृहस्थ आत आला. नीटनेटका, अंगावर साधा सदरा. म्हणाला, डोळे तपासायचेत. वहिनीनं त्याला मागच्या खोलीत नेलं. पडद्याआडून मला ऐकू येत होतं. त्यानं वरची मोठी अक्षरं वाचली, मधली वाचली, सगळ्यात खालची बारीक ओळ वाचली, आणि वहिनीनं गप्प राहून पाहिलं तेव्हा तक्त्याच्या कडेला असलेलं छापखान्याचं नावही वाचलं.

वहिनीनं दिवा लावला. "नाटकात आहात का?"

"नाही. का?"

"डोळे ठणठणीत आहेत तुमचे. मग इथं काय पाहायला आलात?"

तो ओशाळला. पडदा सारून बाहेर आला, खुर्चीवर बसला आणि सरळ बोलायला लागला. तो मासोळीच्या कंपनीतून आला होता. समारंभात नव्या गाडीशेजारी एक जुनी मासोळी उभी करायची होती. मंडळानं नकार कळवला होता. वहिनींची गाडी तरी मिळेल का, एवढंच विचारायला तो आला होता.

"एवढंच विचारायचं होतं तर डोळे कशाला तपासून घेतलेत?"

"तुम्ही कशा आहात ते आधी बघावं म्हटलं."

"आणि माझीच गाडी का?"

"बाकीच्यांच्या फार चकचकीत आहेत. तुमची रोज वापरल्यासारखी दिसते, असं ऐकलं."

"कोणाकडून ऐकलं?"

यावर तो नुसता हसला. वहिनीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, ती तिथंच. तो गेल्यावर मला म्हणाली, "वन्सं, हा मासोळीला गळ टाकायला आलाय. कुठेतरी पाणी मुरतंय. आणि मंडळातलंच कोणीतरी याच्याशी बोलतंय."

"मग नाही म्हणून सांग."

"छे! नाही म्हटलं तर कळणार कसं? जायचं. पण गाडी मी चालवत नेणार, मीच तिच्यात बसून राहणार आणि कोणाला बोट लावू देणार नाही."

तिनं अटी कळवल्या आणि कंपनीनं त्या मान्य केल्या. इतक्या पटकन मान्य केल्या, की त्याचाही तिला संशय आला.

ही गोष्ट मंडळात कशी पोहोचली कोण जाणे. पुढच्या रविवारी आम्ही पार्किंगमध्ये शिरलो आणि बोलणी थांबली. नेहमीच्या जागेवर कोणीतरी आधीच गाडी लावून ठेवली होती. ओरिजिनल पुढे आले.

"वहिनी, स्पष्ट विचारतो. तुम्हाला काय देऊ केलंय त्यांनी?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"तुमचा विश्वास बसत नाही ना?"

"अवघड आहे हो. आमचा मित्र आज असता तर त्यानं असं केलं नसतं."

तो म्हणजे माझा भाऊ. वहिनीचा चेहरा एवढासा झाला. जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेतलेल्या बाईवर कोणी संशय घेतल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि तिला त्याची अजिबात सवय नव्हती. ती उलट उत्तर देईल असं मला वाटलं. तिनं गाडी फिरवली आणि आम्ही घरी आलो. वाटेत एवढंच म्हणाली, "डॉक्टरसुद्धा खाली बघत होते."

खरं सांगायचं तर घरी आल्यावर मीही तिला आडून आडून विचारलं, की खरंच काही कबूल केलं नाहीयेस ना? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विषय काढला नाही.

समारंभ एका मोठ्या हॉलमध्ये होता. सकाळपासून लोक लोटले होते. मधोमध उंच चौथऱ्यावर नवी गाडी कापडाखाली झाकलेली, आणि खाली बाजूला आमची मासोळी. वहिनी तिच्यात स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती, जणू कोणत्याही क्षणी निघून जाईल. मी शेजारी. बहिष्कार घातलेलं सगळं मंडळ मागच्या रांगेत उभं होतं. "आम्ही फक्त निषेध करायला आलोय," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, आणि पुढचं नीट दिसावं म्हणून टाचा उंचावत होते.

कापड ओढलं गेलं. टाळ्या झाल्या, पण सगळीकडून नाही. मागून कोणीतरी "डोळे कुठायत?" असं ओरडलं. हशा पिकला. गाडी गडद हिरवी होती आणि फोटोपेक्षा बरी दिसत होती. किती बरी, ते मी ठरवायच्या आत मंचावर एक वयस्क गृहस्थ आले. पांढरे केस, जाड काड्यांचा चष्मा, हातात काठी. सूत्रसंचालकानं ओळख करून दिली, की हे मासोळीचे जुने चाहते, तरुणपणापासून ही गाडी चालवत आलेले.

गृहस्थ फारच छान बोलले. पहिल्यांदा मासोळी पाहिली तेव्हा रस्त्यातच पाय कसे थबकले, लग्नानंतर बायकोला तिच्यातून कसं फिरवलं, हे सांगताना त्यांनी खिशातून रुमाल काढला. "आणि आज," त्यांनी नव्या गाडीकडे हात केला, "माझी मासोळी तरुण होऊन परत आली. माझ्यासारख्या जुन्या माणसाला जर ती आवडते, तर इतरांनी कुरकुर कशाला करावी?"

हॉल हलला. मागच्या रांगेतही एकदोघांनी डोळे पुसले. वहिनी मात्र पुढे वाकून त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"वन्सं, तो चष्मा आपल्या दुकानातला आहे."

"असेल. बरेच लोक नेतात."

"बिननंबरी आहे. गेल्याच महिन्यात नेला. म्हणाले, म्हाताऱ्याची भूमिका आहे."

मी तिचा हात धरायच्या आत ती गाडीतून उतरली होती. तिचा आवाज मुळातच खणखणीत. "अहो," तिनं खालून विचारलं, "चष्मा नीट बसला का? त्या दिवशी कानामागे टोचतो म्हणाला होतात."

गृहस्थांनी सवयीनं उत्तर देऊन टाकलं, "हो, आता बरा बसतो, बाई." आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

 मागून ओरिजिनलचा आवाज आला, "नाटकातला माणूस आहे!" आणि जो गोंधळ झाला तो विचारू नका. कोणी शिट्ट्या मारल्या, कोणी "पडदा टाका" म्हणून ओरडलं. मंचावरचे ते बिचारे काठी हातात धरून उभेच राहिले. त्यांना आता ती टेकावी की नाही हेही कळेना. वहिनीला त्यांची दया आली असावी. तिनं हात वर केला.

"यांना बोलू नका. यांनी त्यांचं काम केलं, आणि चांगलं केलं. यांना हे बोल ज्यांनी लिहून दिले, त्यांनी पुढे यावं."

पुढे कोणी आलं नाही. कंपनीची मंडळी एकमेकांकडे बघत राहिली. मंडळाचे लोक मात्र धावत येऊन वहिनीभोवती जमले. ओरिजिनलनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "वहिनी, चुकलो! तुम्ही यासाठीच आला होतात, आणि आम्ही काय काय बोललो!" एकानं तर फोटो काढायला सुरुवात केली. आता निषेधाचं भाषण वहिनीनंच करावं, असं ठरलंसुद्धा.

वहिनीनं हात सोडवून घेतले, ती चौथऱ्याच्या पायऱ्या चढली आणि नव्या गाडीभोवती फेरी मारायला लागली. सावकाश, आमच्या दुकानात काचेवर चरा आहे का ते बघते तशी. वाकून दिव्यांच्या फटीत पाहिलं. छाटलेल्या शेपटीवर तळहात फिरवला. दार उघडलं, आत बसली, दार लावून घेतलं. बराच वेळ बाहेर आली नाही. खाली सगळे तिच्या बोलण्याची वाट बघत होते.

ती उतरली आणि म्हणाली, "माणूस खोटा होता. गाडी खोटी नाही."

"म्हणजे?" ओरिजिनल म्हणाले.

"म्हणजे आत बसल्यावर पुढचा रस्ता दोन्ही कोपऱ्यांपर्यंत दिसतो. आपल्या मासोळीत दिसत नाही, हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. नाक लांब आहे म्हणून आपण कौतुक करतो आणि भिंतीवर घासतो. ज्यानं हे आखलं त्यानं जुन्या गाडीत बसून पाहिलेलं आहे. मागची काच मात्र भिकार आहे. पाठीमागून कोण येतंय काही कळत नाही. मला तर अशा गाडीत घाम फुटेल."

नुकतेच तिचे हात धरलेले लोक एकेक पाऊल मागे सरकले. "शेवटी तेच," कोणीतरी पुटपुटलं. ओरिजिनल तडक निघून गेले.

आम्ही निघायच्या तयारीत असताना दुकानात आलेला तो तरुण आमच्या खिडकीशी आला. त्याचा चेहरा उतरला होता. "बाई, तो नट आणायची कल्पना माझी नव्हती. विक्री विभागाची होती. मी गाडी आखली, एवढंच."

"म्हणजे ते दिवे तुम्ही काढलेत."

"हो."

"आणि त्या दिवशी दुकानात हे सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तुम्ही गाडी आणली असती?"

वहिनीनं किल्ली फिरवून इंजिन सुरू केलं. त्यानं पुढे सांगितलं, की मागची काच मोठीच ठेवायची असं त्याचं म्हणणं होतं, त्यासाठी तो पुष्कळ भांडला. वहिनीनं खिडकीची काच वर केली. बाहेर पडल्यावर म्हणाली, "काचेचं खरं वाटत नाही मला. समोरच्याला काय ऐकायचंय ते ओळखून बोलतो हा मुलगा." मग थोड्या वेळानं, "पण बाकी हात चांगला आहे त्याचा."

त्यानंतर बरेच रविवार आम्ही गेलो नाही. कोणी बोलावलंही नाही. मंडळात वहिनीवरून दोन तट पडल्याचं कानावर आलं. एक तट म्हणत होता, की तिनं नट उघडा पाडला तो कंपनीशी संगनमतानंच, म्हणजे पुढचं कौतुक खरं वाटावं. हे ऐकून वहिनी कितीतरी दिवसांनी मनापासून हसली. "इतका संशय तर मलासुद्धा घेता आला नसता," ती म्हणाली.

पण नवी मासोळी बाजारात आली आणि तिला रस्त्यावर पहिल्यांदा दिसली, तेव्हा ती हसली नाही. गाडी गडद हिरवी. आत दातांचे डॉक्टर. त्यांनी आम्हाला पाहिलं, आणि सिग्नलचा दिवा हिरवा होताच घाईनं निघून गेले. नंतर कळलं, की त्यांनी जुनी मासोळी विकून ही घेतली. त्यांचा विचार समारंभाच्या फार आधीच झाला होता. वहिनीची गाडी रोज वापरल्यासारखी दिसते, हे कंपनीला सांगणारेही तेच. लोक वहिनीशी अबोला धरून होते तेव्हा हे सगळं त्यांच्या पोटात होतं.

वहिनी घरी येऊन ओट्याशी उभी राहिली. "सगळ्या जगावर संशय घेतला," ती म्हणाली, "आणि नेमका त्याच्यावर घेतला नाही." तिला राग डॉक्टरांचा होता की स्वतःचा, मला सांगता येणार नाही.

मग एका रविवारी तिनं शेड उघडलं आणि मला हाक मारली. आम्ही पार्किंगमध्ये पोहोचलो. जुन्या मासोळ्या एका रांगेत उभ्या होत्या आणि लांब कुंपणापाशी एकटी ती हिरवी गाडी. डॉक्टर तिच्या शेजारी उभे होते. ते दर आठवड्याला येत असत म्हणे, आणि कोणी त्यांच्याशी बोलत नसे. वहिनी रांगेतल्या कोणाकडे न बघता सरळ कुंपणाकडे चालू लागली. मी मागोमाग. आता डॉक्टरांची धडगत नाही, असंच मला वाटलं.

"वहिनी," डॉक्टर म्हणाले, "मला तेव्हाच बोलायला हवं होतं. ओरिजिनल काय म्हणतील म्हणून..."

"किल्ली द्या," वहिनी म्हणाली.

त्यांनी दिली. ती आत बसली, मला शेजारी बसवलं आणि डॉक्टरांना तिथंच सोडून गाडी बाहेर काढली. तलावाला वळसा घालून आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. गाडी पाण्यासारखी जात होती. वहिनी आरशात सारखी बघत होती, पुढे बघत होती, पुन्हा आरशात. मी विचारलं, "कशी आहे?"

तिनं गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाली, "तुमच्या भावाला आवडली असती, वन्सं. पहिल्या दिवसापासून आवडली असती. दिवे कसेही असते तरी. आणि तो गेल्यावर त्याला काय आवडलं असतं ते मीच ठरवतेय, यावरसुद्धा माझा विश्वास बसत नाहीये."

तिचे डोळे भरून आले होते. मी रुमाल पुढे केला. तिनं तो न घेता गाडी कडेला लावली, इंजिन बंद केलं आणि आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. मागून येणाऱ्या गाड्या एकामागून एक पुढे निघून जात होत्या.

परत आलो तेव्हा डॉक्टर कुंपणापाशीच उभे होते आणि ओरिजिनल त्यांच्यापासून चार हातांवर. तेही उभेच होते, उगाचच आकाशाकडे बघत. वहिनीनं डॉक्टरांच्या हातात किल्ली ठेवली. "जुनी कोणाला विकलीत?" तिनं विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं. "माणूस नीट सांभाळेल का?" "सांभाळेल." "बघायला जाऊ या एकदा," वहिनी म्हणाली, "तुमच्या शब्दावर नाही सोडणार मी आता." आणि डॉक्टरांना ते इतकं बरं वाटलं, की ते लगेच दिवस कोणता ठरवायचा ते विचारायला लागले.